साबणाने आंघोळ घातलेला स्मोकर

मी बोलतोय. इकडे बघा, मागच्या अंगणात, पेकानच्या झाडाखाली. हो, तेच ते काळं, लांबोडकं लोखंडी धूड. मी स्मोकर. माझ्या एका टोकाला जाळाची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं आणि मधे भलंमोठं पोट. लाकूड पेटीत जळतं, मांस पोटात असतं. जाळ मांसाला कधी शिवत नाही. गरम धूर तेवढा त्याच्या अंगावरून जातो, चांगला बारा-बारा तास. ज्याला घाई आहे त्याने खुशाल अंडी तळावीत.

मूळचा मी तेलाच्या विहिरीवरचा पाइप. टेक्सासात असे निवृत्त पाइप रग्गड. सेफेरिनो नावाच्या वेल्डरने मला कापलं, झाकण बसवलं आणि शेडमध्ये उभं केलं. तिथे एके दिवशी एमिल ह्रुष्का आणि त्याची बायको लिओटा आली. एमिल त्याआधी दुकानातल्या एका लाल, चकचकीत स्मोकरवर भाळला होता. त्याला चाकं होती, बिअरचा कॅन अडकवायला कडी होती. लिओटाने त्याचं झाकण दोन बोटांनी दाबलं, तर ते आत गेलं म्हणे.

"एमिल, हा बिस्किटांचा डबा आहे," ती म्हणाली होती. "जानेवारीचा वारा सुटला की याला हुडहुडी भरेल."

माझ्या अंगावर मात्र तिने चार बुक्क्या मारून पाहिल्या. पाव इंच जाडीचं लोखंड, दुखलं तिलाच. मग वर्तमानपत्राचा बोळा पेटवून तिने माझ्या पेटीत टाकला आणि झाकणाच्या फटीतून धूर येतोय का ते डोळे बारीक करून पाहिलं. धूर सगळा धुराड्यातूनच गेला. जावई पसंत करताना तिने याच्या निम्मीही चौकशी केली नाही. त्या जावयाचं पुढे येईलच.

मला अंगणात आणायला सहा माणसं लागली आणि दोन फरशा फुटल्या. पुढची एकोणीस वर्षं मी आणि एमिल. वर्षभर वाळवलेलं ओकचं लाकूड, बैलाच्या छातीचा थोरला तुकडा, वर मीठ आणि मिरी, बस. एरवी माणूस लोण्याहून मऊ, पण माझ्या झाकणाला तो कुणाला हात लावू देत नसे. प्रत्येक वेळी थोडा धूर, थोडी चरबी माझ्या पोटाला आतून चिकटत गेली आणि तिथे काळा, तुकतुकीत थर चढला. ती माझी एकोणीस वर्षांची कमाई होती.

या वसंतात एमिलच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ओंडके उचलायला कायमची बंदी. त्याची मुलगी जोलीन कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "डॅडी, हा इथे असेपर्यंत तुम्ही काही गप्प बसायचे नाहीत. मी भंगारवाल्याला सांगितलंय. सोमवारी येतोय तो."

मला वाटलं, आता एमिल उसळणार. तो कुंपणाकडे बघत म्हणाला, "नेऊ दे. नुसतं बघत बसायला कशाला ठेवायचा?"

लोखंडाला रडता येत नाही. गंजता तेवढं येतं.

तेवढ्यात जोलीनचा नवरा टॉड पुढे झाला. हाच तो जावई. उत्तरेकडच्या मिनेसोटाचा, गॅसच्या शेगडीवर सॉसेज भाजणारा, सज्जन आणि अतिशय स्वच्छ. "सर, शनिवारी मी करून बघू का?"

एमिलने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बघ," तो म्हणाला. "तुला जमलं नाही तर सोमवार आहेच."

आणि शुक्रवारी या भल्या माणसाने मला आंघोळ घातली. गरम पाणी, साबण, तारेचा ब्रश. चार तास! मी ओरडून ओरडून सांगत होतो, पण माझं कोण ऐकतंय? संध्याकाळी तो घामाघूम, छाती फुगवून सासऱ्याला घेऊन आला. "बघा सर, आतून अगदी नवा! काय घाण साठली होती हो!"

एमिलने आत पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसला. लिओटाने छातीवर क्रूसाची खूण केली.

"टॉड," ती म्हणाली, "ती घाण नव्हती रे. ती चव होती."

टॉडचं तोंड एवढंसं झालं. जोलीनने कपाळाला हात लावला. शेवटी एमिलच म्हणाला, "मेल्यासारखा उभा काय राहिलास? चरबी आण." मग खुर्चीतून हुकूम सुटत राहिले आणि टॉड माझ्या पोटात अर्धा शिरून बैलाची चरबी चोपडत राहिला. चोपड, जाळ कर, निवू दे, पुन्हा चोपड. एकोणीस वर्षं काही परत आली नाहीत, पण माझा नागडेपणा झाकला गेला.

शनिवारी उजाडताच टॉडने मला पेटवलं. अकरापर्यंत मांसात खुपसलेल्या तापमापीचा काटा एकशे साठ फॅरेनहाइटवर गेला आणि नेहमीसारखा तिथेच अडला. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. काटा जागचा हलेना. याच वेळी भलेभले घाबरतात आणि पेटीत ओंडके कोंबून मांसाचं चामडं करतात.

"डॅडी, सांगा ना त्याला काहीतरी!" जोलीन म्हणाली. "सहा वाजता पाहुणे येतील."

एमिलने खुर्चीत पाय पसरले. मला कळलं, तो परीक्षा बघतोय. टॉडने एक ओंडका उचलला. पेटीपर्यंत आणला. माझ्या धुराड्याकडे मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि ओंडका खाली ठेवला.

"का रे?" एमिलने विचारलं.

"जाळ बरा आहे, सर. धूर पातळ, निळसर आहे. आता मी काही करायला गेलो तर बिघडवीनच. कालच बघितलंत ना तुम्ही."

एमिलने टोपी डोळ्यांवर ओढली. पाच मिनिटांत टोपीखालून घर्र घर्र आवाज यायला लागला.

"मॅम!" टॉड घाबरून ओरडला. "सरांना काहीतरी होतंय!"

लिओटा धावत आली, वाकून पाहिलं आणि शेजारच्या खुर्चीत बसली. "काही होत नाहीये त्याला," ती डोळे पुसत म्हणाली. "झोपलाय." मी पेटलेला असताना हा माणूस एकोणीस वर्षांत एकदाही झोपला नव्हता. मला इतकं भरून आलं की काय सांगू!

चारच्या सुमारास काटा आपसूक हलला. पाहुण्यांना सात वाजेपर्यंत थांबावं लागलं. एमिलने पांढऱ्या पावात एक काप घेतला, वर कच्चा कांदा ठेवला आणि बराच वेळ चावला. "मीठ जरा जास्त झालंय," एवढं बोलून त्याने आणखी चार काप घेतले.

तुमच्याही अंगणात माझा कुणी भाऊबंद असेल तर एक विनंती. दर पाच मिनिटांनी त्याचं झाकण उघडून डोकावू नका. आणि साबण माणसांसाठी राखून ठेवा, तिथे त्याची जास्त गरज आहे.

सोमवारी भंगारवाला आलाच. माझ्याभोवती फिरला, लाथ मारून पाहिली, मग पायरीवर शेंगा सोलत बसलेल्या एमिलला म्हणाला, "हाच ना, न्यायचा तो?"

एमिलने मानही वर केली नाही.

"मला काय विचारतोस?" तो म्हणाला. "याचा मालक कामावर गेलाय."