सुरक्षेतली एम.ए.

अर्चनाचं एम.ए. झालं तेव्हा वामन सोमकुंवरांनी सौसरच्या बुद्धविहारात पेढे वाटले होते. विषय कोणता, असं कोणी विचारलं तर ते सांगायचे, "देशाच्या सुरक्षेचा." संरक्षण आणि सामरिक शास्त्र हे नाव काही त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं. नगरपालिकेत तीस वर्षं पाण्याचे व्हॉल्व्ह उघडले नि बंद केले, त्या कमाईतून मोहगाव रोडला एक प्लॉट घेतला, आणि मुलीच्या पुण्यातल्या शिक्षणासाठी तो विकून टाकला. त्याच वर्षी थोरल्या अंकुशनं स्वतःचं पुढचं शिक्षण सोडलं आणि बोरगावच्या एका कारखान्याच्या गेटवर गार्ड म्हणून उभा राहिला. दोघांचं शिक्षण घराला झेपणारं नव्हतं.

एम.ए. होऊन आता पाच वर्षं लोटली होती. मधे अर्चनानं नेट काढली. एका कॉलेजात अतिथी विद्वानाची, म्हणजे तात्पुरत्या प्राध्यापकाची, जागा निघाली, पण जाहिरातीत विषय होता सैन्य विज्ञान, आणि हिच्या कागदावर नाव निराळं. दोन्ही विषय एकच असल्याचं पत्र आणा, कॉलेजवाले म्हणाले. ते पत्र यायला सात महिने लागले. तोवर जागा भरली होती, आणि पुढच्या वर्षी मुलंच नाहीत म्हणून विषय बंद झाला. दिल्लीतली एक संस्था बोलवत होती, पण वर्षभर बिनपगारी. बिनपगारी दिल्लीत राहायचं कोणाच्या जिवावर?

एका संध्याकाळी अंकुश ड्यूटीवरून आला आणि बूट न काढताच दारात टेकला.

"अर्चू, आमच्या गेटवरचा सुपरवायझर सोडून चालला. एजन्सीवाले नवा माणूस पाहून राहिले. मी तुझं नाव देल्लं. म्हटलं, माही बहीण सिक्युरिटीतच एम.ए. हाय."

"दादा, ते वेगळं असते."

"वेगळं कसं? सुरक्षाच ना? जाऊन तर ये."

त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती जायला तयार झाली.

गार्ड पुरवणाऱ्या त्या एजन्सीचं ऑफिस पांढुर्ण्यात, एका हार्डवेअरच्या दुकानावर होतं. तिथले रवींद्र चौरे नावाचे साहेब पन्नाशीचे, शांत बोलणारे. त्यांनी गुणपत्रिका दोनदा वाचली. अण्वस्त्र धोरण, हिंदी महासागर, हिमालयातल्या सीमा.

"मॅडम, खरं सांगू? यातलं गेटवर काहीच लागत नाही. ट्रकचा पास पाहाचा, गार्डची हजेरी घ्याची, रात्री दोन चकरा. चौदा हजार भेटतीन." त्यांनी कागद परत केले. "तुम्हाला ठेवाले माझी ना नाही. तसं आम्ही अंकुशचंच नाव वर पाठवाले काढलं होतं. सात वर्षांत एक खाडा नाही त्याचा. पण परवा तोच येऊन म्हणे, माझं नाव काटा अन् बहिणीचं टाका."

अर्चनानं कागद पिशवीत ठेवले. मग ती म्हणाली, "साहेब, दादाचंच राहू द्या."

"पाहतो," रवींद्र म्हणाले.

सौसरच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. डिग्रीची किंमत तिनं आजवर प्लॉटच्या पैशात धरली होती: फी, होस्टेल, मेस, नेटचे क्लास. त्या हिशेबात कधीतरी नोकरी लागून पैसे फिटतील, एवढी जागा होती. अंकुशची सात वर्षं तिनं त्यात कधी घातलीच नव्हती. आता घातली, तर ती कोणत्या पगारातून फेडायची हे तिला कळेना.

घरी तिनं सांगितलं, "त्यांना अनुभवी माणूस पाह्यजे." अंकुशनं मान हलवली आणि जेवायला बसला.

पंधरा दिवसांनी रवींद्र चौरेंचा फोन आला. कारखान्याच्या मालकांनी परस्पर एक निवृत्त हवालदार पाठवला होता. अठरा वर्षं फौजेत, त्यातली चार लडाखला. ज्या सीमेवर अर्चनानं प्रबंध लिहिला होता, तिथं तो माणूस पहारा देऊन आला होता. त्याच्यावर रागावायलाही जागा नव्हती.

"अंकुशचं नाही जमलं मॅडम," रवींद्र म्हणाले. "बाया कामगारांच्या झडतीसाठी एक लेडी गार्ड पाह्यजे फक्त. नऊ हजार आठशे. तुम्हाला विचारू का नको, असं झालं होतं."

ती हो म्हणाली.

वामनरावांनी पोस्ट कोणती ते विचारलं. तिनं सांगितलं. "बरं हाय," ते म्हणाले, आणि त्या पौर्णिमेला विहारात गेले नाहीत.

पहिल्या दिवशी अंकुशनंच तिला काम समजावलं. "डबा उघडून पाहाचा, पिशवी उलटी कराची. अन् हात लावाच्या आधी सांगत जा, ताई, तपासून राहिली म्हणून. बायायले बरं वाटते."

शिफ्ट सुटली. बायांची रांग लागली. सुशीला नावाची एक वयस्क बाई हात वर करून उभी राहिली आणि अर्चनाच्या चष्म्याकडे पाहत म्हणाली, "नवीन दिसतं वो पोरी. किती शिकली?"

"बारावी," अर्चना म्हणाली.

अंकुश दोन पावलांवर होता. त्यानं ऐकलं, आणि आत शिरणाऱ्या ट्रकचा नंबर रजिस्टरात लिहू लागला.