इस्त्रीच्या प्लगवरचे अडीच तास

सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं. माझी खरी गोष्ट तिथून सुरू होते. त्याआधीही मी होते, पण गाडीचं कौतुक करताना माझ्याकडे बघतो कोण?

मी केबल बोलतेय. विजेची गाडी घरच्या प्लगवर लावायची काळी केबल. एका टोकाला गिझरला असतो तसा जाड पिनांचा प्लग, दुसऱ्या टोकाला गाडीत बसणारं तोंड, आणि मधोमध हिरव्या दिव्याचा डबा. घरातली चार वर्षांची चिमी मला साप म्हणते. उंदीर गिळलेला साप. बोलू दे. लहान आहे.

मी कारखान्यात जन्मले, गाडीबरोबर एका घरातून दुसऱ्या घरात आले. हे दुसरं घर चिमीच्या आईचं. ती शाळेचे गणवेश शिवते. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. पूर्वी तिला कुठं जायचं म्हणजे दिराची सवड बघायची. दीर म्हणायचा, "वहिनी, रविवारी बघू." तो रविवार काही यायचा नाही. म्हणून नवरा-बायकोनं ही जुनी गाडी घेतली. पूर्ण चार्ज केली की दोनशे किलोमीटर जाते. वहिनी मात्र बाजार, शाळा आणि गणवेशाचे गठ्ठे, एवढ्यापलीकडे तिला कधी घेऊन गेली नव्हती.

आणि एके दिवशी धाकट्या बहिणीचा फोन आला. पहिलं बाळंतपण, बाळ पायाळू, सिझर ठरलेलं. "ताई, उद्या संध्याकाळी सहाला आत नेणार. तू आल्याशिवाय मी जायची नाही हं." दोघींना आई नाही. बहिणीचं गाव तीनशे किलोमीटर.

"लांबच्या रस्त्याला ही गाडी? वहिनी, ती बाजारहाटाची गाडी आहे," दीर हसला. "परवा मी नेतो."

"परवा जाऊन काय करू? बाळाला टाटा करू?" वहिनी म्हणाली आणि मला प्लगला लावून झोपायला गेली. शंभर टक्के भरून पहाटे निघायचं, असा बेत.

आता आमच्या सासूबाईंची एक सवय सांगते. झोपण्याआधी घरभर फिरून त्या एकूण एक बटण बंद करतात. पंखा, मिक्सर, टीव्ही, काही सुटत नाही. पाहुण्याचा चार्जिंगला लावलेला मोबाईलही नाही. वहिनी रोज दुपारी गाडी लावायची, त्यामुळे रात्री माझी त्यांची गाठ कधी पडली नव्हती. त्या रात्री पडली. टक्! माझा हिरवा दिवा गेला. मला ओरडता येत असतं तर!

पाच चाळीसला वहिनी बॅग घेऊन आली. गाडीत आकडा एकसष्ट. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, बटण तुम्ही बंद केलंत?"

"मग? रात्रभर चालू ठेवून घराला आग लावायची होती का?" सासूबाई म्हणाल्या. मग आकडा बघून त्यांचा आवाज नरमला. "अगं, मला काय ठाऊक..."

दीर जांभई देत म्हणाला, "झालं. आता तरी बॅग आत ठेवा."

वहिनीनं बॅग ठेवली. आत नाही, डिकीत. मला गुंडाळून तिच्यावर टाकलं, चिमीला बसवलं आणि निघाली.

मी डिकीतून सगळं ऐकत होते. वहिनी आकडे म्हणत होती. पन्नास. एकेचाळीस. एसी बंद. तेहतीस. आरशात चिमीकडे बघणं, पुन्हा आकडा. "आई, तू पाढे म्हणतेस?" चिमीनं विचारलं. आठ टक्क्यांवर चार्जिंगचं ठिकाण आलं, आणि मशीनवर कागद चिकटवलेला: बंद आहे. पुढचं ठिकाण चाळीस किलोमीटर.

वहिनी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. रडली असती, पण मागून आवाज आला, "आई, सू." रडायलाही सवड नाही बघा या बाईला.

समोर लाँड्री होती. चिमीचं काम तिथंच उरकलं. बाहेर येताना वहिनीची नजर इस्त्रीच्या जाड प्लगवर गेली.

"काका, या प्लगवर माझी गाडी लावू का?"

"गाडी? इस्त्रीच्या प्लगवर?" लाँड्रीवाले काका तिच्याकडे बघतच राहिले. "आणि हॉटेलवाल्याचे चाळीस शर्ट काय तुम्ही फुंकर मारून सरळ करणार?"

वहिनीनं बहिणीचं सांगितलं. काकांनी इस्त्रीचा प्लग काढला. मग टेबलाखाली वाकले आणि धुळीतून कोळशाची इस्त्री ओढून काढली. "वडिलांची. विजेच्या गाडीपायी हिला बाहेर यावं लागलं, नवलच आहे."

प्लग आत, हिरवा दिवा लागला. मी जीव तोडून कामाला लागले. पण खोटं कशाला बोलू, मी मंद आहे. तासाभरात माझ्यातून जेमतेम अठरा किलोमीटर जातात. वहिनी दर पाच मिनिटांनी आकडा बघून येई. शेवटी काका म्हणाले, "अहो, सारखं झाकण उघडलं की भात लवकर शिजतो का? बसा." मग तिनं सुई-दोरा मागून घेतला आणि शर्टांच्या उसवलेल्या कॉलरी शिवायला घेतल्या.

दिराचा फोन आला. "वहिनी, कुठं अडकलात? येऊ का न्यायला?"

वहिनीनं दातानं दोरा तोडला. "अडकले नाही. थांबलेय."

मला तिचं ते वाक्य फार आवडलं.

अडीच तासांनी तीस टक्के झाले. पुढच्या ठिकाणचं मोठं मशीन चालू होतं, त्यानं सव्वा तासात नव्वदपर्यंत नेलं. संध्याकाळी पाच वीसला आम्ही दवाखान्याच्या दारात. वहिनी चिमीला कडेवर घेऊन पळाली, डिकी उघडीच! त्यामुळे मला दवाखान्याच्या खिडकीतून ऐकू आलं, "ताई, कुणाबरोबर आलीस गं?"

"माझी मी."

मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत.

घाईच्या माणसाला ही गाडी लांबच्या वाटेला सोसायची नाही, हे मी केबल असूनही सांगते. आधी चौकशी करावी लागते, थांबावं लागतं, कुणापुढे तरी प्लग मागावा लागतो. पण कुणाच्या रविवारची वाट बघावी लागत नाही.

आता माझ्या बटणावर सासूबाईंनी स्वतः कागद चिकटवलाय: "हात लावू नये." परवा त्या हळूच वहिनीला म्हणाल्या, "माझ्या थोरल्या बहिणीचं गाव अडीचशे किलोमीटर आहे गं. चार वर्षांत भेट नाही. कुणाला वेळच नसतो." वहिनी म्हणाली, "मंगळवारी निघू."

तेव्हा एक काम करा. त्या वाटेला कुणी जाणार असेल तर सासूबाईंच्या या बहिणीला निरोप द्या. म्हणावं, तुमची धाकटी येतेय, इस्त्रीचा प्लग मोकळा ठेवा. आणि रात्री बटण बंद करू नका. सवय दोघी बहिणींना सारखीच आहे म्हणे.