कडी कोणी काढली

माझा भाऊ कॉलेजात नीतिशास्त्र शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी घरी येऊन आमचं डोकं खातो. देवाशिवायही माणूस चांगला वागू शकतो, हा त्याचा लाडका विषय. मी देव मानते. त्यामुळे आमची जुंपते, आणि मी चिडले की लाँड्रीतली इस्त्री जरा जास्तच जोरात आपटते.

लाँड्री मुळात आईची. ती अंथरुणाला खिळली तेव्हापासून मी चालवायला लागले. डॉक्टरांनी हात टेकले होते. ती मागच्या खोलीत पडून असायची, मधलं दार उघडं ठेवायला लावायची, आणि मध्येच आतून "कॉलर आधी!" असा हुकूम सोडायची.

त्या दुपारी तिने भावाला जवळ बोलावलं. "खरं सांग, चांगलं वागायला देव लागत नाही?"

"नाही लागत, आई," तो वर्गात सांगावं तसं म्हणाला.

"मला लागला."

मी इस्त्री बाजूला उभी केली आणि दारात आले.

ती थांबत थांबत बोलत होती. "तुझी आई गेली आणि कोणीतरी तुला आमच्या पायरीवर आणून बसवलं. यांचं बाहेर दुसरं घर होतं, ते मला हे गेल्यावरच कळलं होतं. तुझं तोंड बघितलं, हुबेहूब यांचं. अंगाची नुसती लाही लाही झाली. मी दाराला आतून कडी घातली."

भाऊ सावत्र आहे हे मला ठाऊक होतं. कडीचं ठाऊक नव्हतं.

"मग वाटलं, वरून तो बघतोय. उद्या जाब विचारेल. त्या धाकाने कडी काढली. माया नव्हती रे. म्हणून जीव अडकलाय माझा. मी चांगली नव्हतेच. त्याने करून घेतलं, मी केलं. माझं असं त्यात काय?"



"आणि माया?" मी दारातूनच विचारलं. "तीपण धाकानेच केलीस?"

"ती कधी आली, कळलंच नाही. एकदा बघते तर याचा युनिफॉर्म आधी इस्त्री करतेय, तुझा नंतर."

"तरीच मी शाळेत चुरगळलेली जायचे!" मला हसूही आलं आणि रडूही.

पण आईची नजर त्याच्यावरून हलेना. तिला उत्तर हवं होतं, आणि हातात वेळ फारसा नव्हता.

भाऊ पलंगाच्या कडेला बसला. "आई, तू देव मानतेस, मी नाही मानत. आता तुझा देव मी काढून घेणार नाही. पण मी म्हणतो तसं असेल, वर कोणीच नसेल, तर त्या दिवशी तुला कोणी बघतच नव्हतं. कोणी जाब विचारणार नव्हतं. तू, मी आणि ती कडी, एवढेच होतो." तो तिच्याकडे वाकला. "मग ती तू एकटीने काढलीस, आई."

मी आजही रोज देवापुढे हात जोडते. पण तेव्हा अंथरुणातल्या त्या मूठभर बाईकडे बघताना माझी छाती दडपून गेली. एवढं मोठं काही मी कधी पाहिलं नव्हतं.

"एकटीने?" आई म्हणाली. तिने चटक्यांच्या डागांनी भरलेला आपला उजवा हात पांघरुणाबाहेर काढला आणि त्या हाताकडेच बघत राहिली.