डाव्या कार्बोरेटरमधल्या अक्षता

मित्रांनो, मी एक जुनी स्नोमोबाईल आहे. जुनी म्हणाले, बिघडलेली म्हणाले नाही. एवढा फरक एका शिकल्यासवरलेल्या माणसाच्या ध्यानात यायला तीन आठवडे लागले, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते.

मला चाकं नाहीत. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, मध्ये दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा कार्बोरेटर. दोरी ओढली की मी सुरू होते. कारखान्यातून निघाले ती थेट नोव्हा स्कोशातल्या टेकड्यांमध्ये, मर्डॉक नावाच्या माणसाच्या घरी आले. पंचवीस हिवाळे मी त्याच्याकडे काढले. सरपण ओढलं, कुंपणं तपासायला गेले. एका वादळात रस्ते बंद होते तेव्हा गावच्या नर्सबाईंना मागे बसवून तीन घरं फिरवली. त्या दिवशी मर्डॉकने माझ्या बोनेटवर थाप मारली होती. त्याच्यासारखा अबोल माणूस याहून जास्त कौतुक करत नाही.

पुढे त्याचे गुडघे गेले. तो हॅलिफॅक्समध्ये म्हाताऱ्या माणसांच्या इमारतीत राहायला निघाला आणि मला विकायची वेळ आली. घ्यायला आला शंतनु. हा मूळचा साताऱ्याचा, हॅलिफॅक्सला सॉफ्टवेअरमध्ये. मर्डॉकने त्याला समोर उभं करून मला तिसऱ्या ओढीत सुरू करून दाखवलं आणि दोनच गोष्टी सांगितल्या. पेट्रोल ताजं घाल. आणि कार्बोरेटरच्या जेटना हात लावू नकोस, ते जुळवायला मला दोन हिवाळे लागलेत. जेट म्हणजे पितळेची इवलीशी बोंडं; त्यांच्या भोकातून पेट्रोल किती यायचं ते ठरतं.

शंतनुने मान डोलावली. डोलावणाऱ्या मानेवर विश्वास ठेवू नये, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

घरी आणल्यावर तासाभरात पठ्ठ्याने माझं बोनेट उघडलं, हवेचा डबा काढला आणि दोन्ही कार्बोरेटरची तोंडं उघडी टाकून आत टॉर्च मारली. जेटचे नंबर बघायचे होते म्हणे! तेवढ्यात त्याची आई, प्रमोदिनीबाई, पूजेचं ताट घेऊन गराजमध्ये आल्या. त्या आणि शंतनुचे वडील दीनानाथ हिवाळ्यापुरते साताऱ्याहून आले होते. नवी गाडी घरात आली की पूजा ही व्हायचीच, मग गाडी पंचवीस वर्षांची का असेना.

मला चाकं नसल्यामुळे लिंबं कुठे ठेवायची यावर दहा मिनिटं खल झाला. शेवटी ती स्कींखाली गेली. हळदकुंकू झालं, हार झाला. मग प्रमोदिनीबाईंनी डोळे मिटून अक्षता टाकल्या. कुंकवात साजूक तूप कालवून केलेल्या गुलाबी अक्षता. त्यांतल्या सात माझ्या डाव्या कार्बोरेटरच्या तोंडात पडल्या. थंडीने तूप गोठलं आणि त्या अक्षता आतल्या हवेच्या बारीक भोकावर घट्ट बसल्या. शंतनुने फोनवर फोटो काढले, आत न बघता हवेचा डबा परत बसवला आणि दोरी ओढली.

मी खोकले. काळा धूर सोडला आणि बंद पडले. हवाच कमी मिळाली तर पेट्रोल जळणार कसं? तोंडात तांदूळ कोंबून गाणं म्हणायला सांगितलं तर तुम्ही तरी म्हणाल का?

आता पुढचं ऐका, आणि माझ्या जागी स्वतःला ठेवून ऐका.

दीनानाथांनी साताऱ्यात एकतीस वर्षं स्कूटरचं गॅरेज चालवलं होतं. स्कूटर टू-स्ट्रोक, मीही टू-स्ट्रोक. म्हणजे आमचं एकच घराणं. माझा आवाज ऐकताच ते गराजच्या कोपऱ्यातल्या खुर्चीतून उठले.

"शंतनु, प्लग काढून बघ रे आधी. दोन्ही प्लग शेजारी शेजारी ठेव."

"नाना, प्लीज, ही स्कूटर नाहीये," कानातलं इअरफोनचं पांढरं बोंड न काढताच शंतनु म्हणाला. "माझ्याकडे पूर्ण जेटिंग चार्ट आहे. टेंपरेचर, ॲल्टिट्यूड, सगळं. इट्स रनिंग रिच, पेट्रोल जास्त जातंय. जेट चेंज केले की होईल."

नाना परत बसले. मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. आजार डाव्या नाकपुडीत, आणि हा लॅपटॉप उघडून हवामान बघतोय! काखेत कळसा आणि गावाला वळसा!

पहिल्या शनिवारी त्याने दोन्ही कार्बोरेटरमध्ये लहान भोकाचे जेट घातले. दुसऱ्या शनिवारी त्याहून लहान. डावी बाजू तशीच घुसमटत राहिली, पण उजवी, जी ठणठणीत होती, तिला पेट्रोल कमी पडू लागलं. मित्रांनो, पेट्रोल कमी पडलं की सिलिंडर तापतो, आणि फार तापला की पिस्टन आत चिकटून बसतो. मग माझ्यासारख्या जुन्या यंत्राला कोणी उघडत बसत नाही, सरळ भंगारात देतात. घरातल्या कोणालाही याची कल्पना नव्हती. किंवा नानांना होती, पण त्यांचं ऐकतो कोण?

मग शंतनुने मर्डॉकला फोन लावला. माझ्या शेजारीच उभं राहून. "यू सोल्ड मी अ बॅड इंजिन," असं तो त्या म्हाताऱ्याला म्हणाला. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फार मोठं नसावं, कारण फोन लगेच संपला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ज्याने पंचवीस वर्षं मला पाऊस लागू दिला नाही तो लबाड ठरला, आणि मला ओरडून सांगायला तोंड नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात अनुयाचा, म्हणजे शंतनुच्या बायकोचा, संयम सुटला. तिची बाजू मला पटते.

"शंतनु, तीन आठवडे माझी कार बाहेर आहे. रोज सकाळी मी ड्राइव्हवेवरचा स्नो शोव्हल करते, विंडशील्ड स्क्रेप करते आणि मग ऑफिसला जाते. गराजमध्ये कोण झोपलंय? ही! जी चालतच नाही!"

"धिस वीकेंड, प्रॉमिस. नाहीतर पार्ट्ससाठी देऊन टाकू."

आणि खरंच त्याने जाहिरात टाकली. सुटे भाग विकणारा एक माणूस रविवारी बारा वाजता ट्रेलर घेऊन येणार, असं ठरलं. माझा पट्टा एकाला, स्की दुसऱ्याला, इंजिन कुठल्यातरी शेडच्या कोपऱ्यात. मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू?

रविवारी सकाळी शंतनु सगळ्यात लहान जेट घेऊन आला. शेवटचा प्रयत्न म्हणे! ते बसले असते तर माझी उजवी बाजू अर्ध्या तासात गेली असती. नाना दारात उभे होते. ते आत आले, त्याच्या हातातली ती पुडी काढून घेतली आणि स्वतःच्या स्वेटरच्या खिशात टाकली.

"नाना, काय करताय? बारा वाजता तो माणूस येणारे!"

"येऊ दे. प्लगचा पाना दे."

एकतीस वर्षं हाताखालच्या माणसांना दिलेला आवाज होता तो. शंतनुने पाना दिला.

नानांनी दोन्ही प्लग काढून टेबलावर ठेवले. डावा काळाकुट्ट, ओला. उजवा पांढराफटक. "हे बघ," ते म्हणाले. "हवामान दोघांना एकच, पेट्रोल एकच, तुझा तो चार्टपण एकच. मग एकच का रडतोय? आणि ह्या दुसऱ्याला तू उपाशी मारतोयस."

नानांनी डावा कार्बोरेटर सोडवला, उजेडात धरला, आणि करंगळीच्या नखाने आतून एक दाणा काढला. मग दुसरा. सात गुलाबी दाणे त्यांच्या तळव्यावर जमले. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या प्रमोदिनीबाईंनी ते पाहिले आणि ट्रे तिथेच खोक्यावर टेकवला.

"अगं बाई! माझ्याच की ह्या!" त्या म्हणाल्या. "पण अक्षता डोक्यावर टाकायच्या असतात. झाकण उघडं होतं, मला वाटलं हेच हिचं डोकं."

"तुझं काही चुकलं नाही," नाना म्हणाले. "डोकं उघडं कोणी टाकलं होतं?"

शंतनुने कानातलं बोंड काढून खिशात ठेवलं. "नाना, तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," नाना म्हणाले. "आता मर्डॉकचे जेट होते तसे घाल. फेकले नाहीस ना?"

फेकले नव्हते. एका काचेच्या बरणीत होते. शंतनुने ते स्वतःच्या हाताने बसवले, नाना नुसते बघत उभे राहिले. मला ढकलत ड्राइव्हवेवर आणलं. दोरी ओढली. एक. दोन. तिसऱ्या ओढीला मी अशी सुरू झाले की अनुया कोट न घालताच बाहेर आली. बारा वाजता ट्रेलरवाला आला, त्याने माझा आवाज ऐकला, हसला आणि एक कप चहा पिऊन परत गेला.

मग नानांनी शंतनुकडे नुसतं पाहिलं. शंतनुने फोन काढला.

"मर्डॉक, इट्स शंतनु. आय ॲम सॉरी. इट वॉज राईस."

"राईस?"

"इट्स अ लाँग स्टोरी. युवर जेट्स वेअर राइट. मी उगाच..." इंग्रजीत सांगता सांगता तो मराठीवर घसरला.

मर्डॉकने एवढंच विचारलं, "इज शी रनिंग?"

शंतनुने फोन माझ्या बोनेटजवळ धरला. मित्रांनो, नर्सबाईंना नेलं त्या वादळातही मी अशी चालले नसेन. एकदाही अडखळले नाही, एकदाही खोकले नाही. मग मर्डॉकचा आवाज आला. "दॅट्स हर," तो म्हणाला. "दॅट्स हर, ऑलराइट."

आता मी गराजच्या एका कडेला असते आणि मध्ये अनुयाची कार असते. दर शनिवारी नाना मला सुरू करतात आणि शंतनु शेजारी उभा राहून ऐकतो. राग माझा अजून पुरता गेलेला नाही, तो जाईल हळूहळू. तुम्ही मात्र एवढं करा. जुनी वस्तू घ्याल तेव्हा तिला सांभाळणाऱ्या माणसाचं ऐका आणि त्याचा नंबर जपून ठेवा. दोष द्यायला नव्हे, विचारायला. घरात एखादा जाणता माणूस खुर्चीत बसून काही सांगत असेल, तर कानातलं बोंड काढा. आणि पूजा अवश्य करा, माझी काही हरकत नाही. फक्त आधी बोनेट लावा.