उकळलेली बी

बाईंनी चिमट्याने मुंगीच्या पेल्यातली बी उचलली, चिकटलेल्या ओल्या कापसासकट झाकणाच्या डबीत टाकली आणि तिच्या जागी दुसरी ठेवली. या दुसरीला छान पांढरं मूळ फुटलेलं होतं. ओल्या कापसावर ती नीट बसेना, तेव्हा बाईंनी ती बोटानेच काचेकडे सरकवली. बाहेर मधल्या सुट्टीचा गोंधळ चालू होता. कुणी पाहिलं नाही, तरी बाईंचे कान तापले. इतकी वर्षं विज्ञान शिकवून प्रयोगात लबाडी करायची ही त्यांची पहिलीच वेळ.

प्रयोग तसा बाळबोध. सजीव म्हणजे काय, हा धडा. घेवड्याच्या बिया, काचेचे पेले, ओला कापूस. निम्म्या बिया बाईंनी घरी उकळून फडक्याने टिपून घेतल्या होत्या. त्यातल्या दोन नवऱ्याने मीठ लावून तोंडात टाकल्या आणि वर, "प्रयोग जरा कच्चा राहिलाय गं," असा शेरा मारला. वर्गात प्रत्येक बाकावर डावीकडच्याला साधी बी, उजवीकडच्याला उकळलेली. मुलांना आधी काही सांगायचं नाही. आठवड्याने विचारायचं, याची उगवली, मग तुझी का नाही? बीच्या पोटात इवलासा गर्भ असतो, पाणी, हवा आणि ऊब मिळाली की तो जागा होतो, आणि उकळली की बी मरते, हे मग मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. दरवर्षी प्रयोग झकास व्हायचा. उजवीकडची मुलं जराशी हिरमुसायची आणि घरी पोचेपर्यंत विसरायची.

या वर्षी उजवीकडे मुंगी होती.

हे नाव वर्गानेच ठेवलेलं. चण एवढीशी, आणि सारखं काहीतरी उचलून इकडचं तिकडे चाललेलं. तिला नुकताच भाऊ झाला होता, पण दिवस भरायच्या फार आधी. तो दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. मुंगीने त्याला अजून पाहिलंही नव्हतं.

"बाई, आमचं बाळ काचेत आहे, आणि माझी बीसुद्धा," बिया वाटल्यावर दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली होती.

"हो का?"

"मी ठरवलंय. ही उगवली की बाळ घरी येणार."

बाईंनी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण मग सगळ्या वर्गाचा प्रयोग बोंबलला असता. बघू उद्या, असं म्हणत त्यांनी ते पुढे ढकललं. मुंगी रोज पाणी शिंपडायची, काचेला नाक लावून बघत बसायची. शेजारच्या मुलाच्या बीला मूळ फुटलं तसा तो चिडवायला लागला, "तुझी संपावर गेलीय!" एरवी मुंगीने त्याला सोडलं नसतं. या वेळी तिने नुसतं पेल्यात आणखी पाणी शिंपडलं, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी कपाटातला राखीव बियांचा पेला आणि चिमटा बाहेर काढला.

मग उत्तर सांगायचा तास आला. मुंगीला काही विचारायचंच नाही, असं बाईंनी मनाशी ठरवलं होतं. पण वर्ग कसला ऐकतोय!

"उजवीकडच्यांना मी उकळलेल्या बिया दिल्या होत्या," बाई म्हणाल्या.

"मग मुंगीची कशी उगवली?" तिचा शेजारी ओरडला.

सगळ्या माना वळल्या. मुंगी पेला दोन्ही हातांत धरून बाईंकडे एकटक बघत होती. बाईंनी खडू खाली ठेवला, परत उचलला.

"कधी कधी एखादी बी उकळूनसुद्धा जगते."

साऱ्या वर्गाने ते वाक्य निरीक्षण म्हणून वहीत उतरवून घेतलं. मुंगीनेही घेतलं.

त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. शिकवताना चूक होणं वेगळं आणि जाणूनबुजून चुकीचं शिकवणं वेगळं. लाज वाटायला पाहिजे मला, असं त्या भांडी घासताना मोठ्याने म्हणाल्या. नवऱ्याने बाहेरून विचारलं, कशाची, तर "काही नाही" म्हणाल्या. ती डबी शाळेत टेबलाच्या खणात तशीच होती. ती बी टाकून द्यायला त्यांचा हात होत नव्हता.

दोन दिवसांनी मुंगीची आई आली. प्रयोगशाळेच्या दारातच थांबली. खांद्याला दवाखान्यात न्यायची पिशवी, केस कसेबसे बांधलेले. बसा म्हटलं तरी बसेना.

"बाई, उकळलेली बी उगवते का हो?"

बाईंनी दाराबाहेर कुणी मूल नाही ना ते पाहिलं.

"नाही उगवत. मी बदलली."

"वाटलंच मला. जन्म गेला घेवडा शिजवण्यात." ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. "डॉक्टर म्हणतात, मन घट्ट करा. आज-उद्याचं आहे. आणि ही पोरगी तो पेला उशाशी घेऊन झोपते, शाळेतही बरोबर आणते. रोज मला सांगते, आई, उकळलेलंसुद्धा उगवतं, बाई म्हणाल्यात, तू रडू नकोस. मी आपली हो हो म्हणते."

"माझं चुकलं. फार चुकलं."

"ते राहू द्या. तिला तुम्ही सांगा. माझ्याच्याने नाही व्हायचं."

बाईंनी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि वर्गातून मुंगीला बोलावून आणलं. मुंगी पेला घेऊनच आली. अंकुराला आता दोन पानं सुटली होती. दार नुसतं लोटून बाईंनी खण उघडला. डबी टेबलावर ठेवली. त्यांनी झाकण काढलं. कापूस अजून ओला होता. बी फुगून सुरकुतली होती, कडेला बुरशीचा पांढरा ठिपका आला होता.

"मुंगे, मी तुला खोटं सांगितलं. तुझी बी—"

"ही माझी," मुंगी म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"मी हिच्यावर नखाने खूण केली होती. ही काय." तिने बोट दाखवलं. सालीवर खरंच नखाएवढी चंद्रकोर होती. "शेजारच्याच्या बीवर नख उमटतच नव्हतं. माझीवर लगेच उमटलं. ही मऊ होती, बाई."

"म्हणजे तुला पहिल्यापासून..."

"उकळलीय ते नव्हतं माहीत. काहीतरी झालंय तिला, एवढं कळलं होतं. तरी मी पाणी घालत होते." मुंगी डबीकडे बघत होती. "मग पेल्यात बिनखुणेची आली. मला वाटलं, तुम्ही सांगाल."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण तो त्यांना स्वतःलाच जड वाटला आणि त्यांनी तो काढून घेतला.

"आईला सांगू नका हं," मुंगी हळूच म्हणाली. "तिला खरं वाटतंय ते. तेवढीच तिला झोप लागते."

दार करकरलं. मुंगीची आई आत आली होती. ती टेबलाशी आली, डबीतली बी तिने उचलली आणि चुलीपाशी रोज बघते तशी दोन बोटांत दाबली. बी सहज चपटी झाली.

"शिजलीय गं," ती म्हणाली.

मुंगीने मान हलवली. मग तिने आईच्या कमरेला मिठी मारली आणि हुंदके देऊन रडायला लागली. आईने तिला रडू दिलं. ती स्वतःही रडत होती आणि या वेळी लपवत नव्हती.

बऱ्याच वेळाने आईने पदराने आधी मुलीचं, मग आपलं तोंड पुसलं.

"चल. मी तिकडेच निघालेय. तूही ये. बाळाला बघून घे एकदा."

"मला आत सोडतील?"

"मी सांगेन त्यांना. ताई आलीय म्हणून."

मुंगी दाराकडे निघाली आणि मध्येच वळली. टेबलावरचा पेला तिने उचलला, आतली पानं काचेला लागली होती ती बोटाने सोडवली, आणि तो बाईंच्या पुढ्यात ठेवला.

"ही तुमची आहे, बाई," ती म्हणाली. "पाणी घाला रोज."