सतराव्या ओळीखालची पट्टी

मित्रांनो, माझे पहिले चार आकडे झिजून गेले आहेत, पण पाचापासून पुढे मी अगदी चोख आहे. मी शाळेतली एक जुनी लाकडी पट्टी. सुताराने रंधा मारून मला सरळ केले, आणि सरळपणाचा तोरा माझ्या अंगात तेव्हापासूनच आहे. गणिताच्या बाईंनी माझ्या जोरावर वीस वर्षे त्रिकोण काढले. मग प्लॅस्टिकच्या पारदर्शक पट्ट्या आल्या, आणि मी कपाटामागे पडलेले खडू ओढायच्या कामाला लागले.

अशात दहावीतली बारकी भेटली. तिला पुढे विज्ञानाच्या वर्गात जायचे होते, आणि ते ठरणार होते उत्तरपत्रिकेवर बरोबर पर्यायाचा गोल रंगवायच्या एका परीक्षेवर. तोंडी विचारा, पोरगी फाडफाड उत्तरे देई. सराव परीक्षेत मात्र शंभरात एकोणतीस!

बाईंनी आईवडिलांना बोलावले.

"मोबाइल काढूनच घेतो," वडील म्हणाले.

"अहो, तिची झोपच होत नाही," आई म्हणाली.

बारकी मान खाली घालून पुटपुटली, "मी ढच आहे."

"थांबा जरा. आधी पेपर बघू." बाई तिच्या शेजारी बसल्या. मला एकेका ओळीखाली धरून त्यांनी सगळी उत्तरे ताडून पाहिली. सतराव्या ओळीशी त्या थांबल्या.

"अगं, सतरावा प्रश्न सोडलास ना? मग अठराव्याचं उत्तर सतराव्याच्या गोलात गेलं. तिथून सगळंच एक ओळ वर सरकलंय."

"म्हणजे मला येत होतं?" बारकीला रडूच फुटले.

बाईंनी मला तिच्या हाती दिले. मग महिनाभर आम्ही दोघींनी घाम गाळला. प्रश्न सोडून दिला तरी मी एक ओळ खाली सरकायचेच. आईने झोपेचे मनावर घेतले, वडिलांनी स्वतःचाही मोबाइल कपाटात ठेवला.

परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकांनी मला उचलले. "पट्टी चालणार नाही. फक्त पेन."

बारकी पांढरीफटक पडली. त्यांनी मला आपल्या टेबलावर ठेवले. पण पोरीने एक मोठा श्वास घेतला, प्रश्नपत्रिकेची घडी घातली आणि तिची सरळ कड ओळीखाली लावली. धन्य ती पोरगी! शेवटची घंटा होईपर्यंत मी तिच्याकडे कौतुकाने बघत राहिले.

विज्ञानाच्या वर्गात नाव लागले, तशी ती मला परत द्यायला धावत आली. "बाई, आता ही दुसऱ्या कुणाला तरी द्या."

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तर मी सांगणारच, लाकडालाही लागते. पण कोणाला गुण कमी पडले, तर त्याच्या माथी खापर फोडण्याआधी घटकाभर त्याच्या शेजारी बसा. त्या दिवशी बाई बसल्या नसत्या, तर आमची बारकी जन्मभर स्वतःला ढ समजत राहिली असती.