डावीकडे उडणारा बर्फ

"एव्हर्ट, तुझं यंत्र बर्फ रस्त्याच्या मधोमध टाकतंय," मी म्हणाले आणि कॉफीचा थर्मास त्याच्या कामाच्या बाकावर ठेवला.

त्याने मान वर केली नाही. तो त्या लाकडी खेळण्यातल्या यंत्राच्या मागच्या चाकावर पॉलिशपेपर फिरवत होता. "थंडी डोक्यात गेली वाटतं तुझ्या, सिग्ने."

"माझं डोकं राहू दे. हे पुढचं पातं बघ. याचं तोंड डावीकडे आहे. आपण गाडी उजव्या बाजूने हाकतो ना? मग बर्फ उजवीकडे, कडेच्या चरात जायला हवा. हा तर समोरून येणाऱ्याच्या काचेवर जाणार."

आता त्याने पाहिलं. पॉलिशपेपर हातातच राहिला.

मला हे कळणारच होतं. एकतीस वर्षं मी या गावाच्या आसपास टपाल वाटलं, आणि एकतीस वर्षं एव्हर्टच्या यंत्राने उडवलेला बर्फ माझ्या पत्रपेट्यांवर येऊन पडला. उन्हाळ्यात तो त्याच ग्रेडरने खडीचे रस्ते सपाट करायचा, हिवाळ्यात पुढे पातं लावून ते मोकळे करायचा. मी फावड्याने पेट्या उकरत त्याचा उद्धार करायचे. आमची ओळख झाली ती या भांडणातूनच. आता दोघंही निवृत्त आहोत, माझा नवरा वारला, त्याला कोणी नाही, म्हणून सकाळी दहाची कॉफी मी त्याच्या वर्कशॉपमध्ये पिते.

कोणी नाही असं म्हणायचं, पण एक मुलगी आहे. मारिता. ती सात वर्षांची होती तेव्हा त्याची बायको डाग्नी तिला घेऊन गोटेनबर्गला गेली ती गेलीच. नाताळला कार्ड यायचं, वर्षातून दोनदा फोन. घर कधी तिने पुन्हा पाहिलं नाही, आणि ये म्हणायला याची जीभ कधी उचलली नाही. आणि आता अचानक आमंत्रण आलं होतं. उद्या तिला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. कार्डावर छापलं होतं, भेटवस्तू आणू नयेत. त्याखाली पेनाने लिहिलं होतं, 'पण तू नक्की ये.'

त्या चार शब्दांसाठी त्याने बाकाखालून तो जुना सांगाडा काढला होता. सहासष्टच्या हिवाळ्यात कापलेला बर्चचा ओंडका, मारिताच्या सातव्या वाढदिवसासाठी. तिला बापाच्या यंत्रासारखंच यंत्र हवं होतं, लाकडाचं, बसून चालवता येईल एवढं. पण त्या वर्षी बर्फ थांबेचना. हा पहाटे चारला निघायचा आणि परत यायचा तो झोपायलाच. वाढदिवस हुकला तेव्हा म्हणाला, नाताळला देतो. नाताळ आला तेव्हा घरात कोणी नव्हतं.

तीन आठवडे तो खपत होता. सहा चाकं लेथवर काढली, केबिनला छोटी दारं केली, जवसाचं तेल तीन वेळा पाजलं. आणि आता हे.

"असं कसं झालं?" तो म्हणाला. "तीस वर्षं मी उजवीकडे टाकला. झोपेतसुद्धा उजवीकडे टाकला असता." मग हळूच म्हणाला, "अर्नेलासुद्धा असंच सुरू झालं होतं."

अर्ने त्याचा थोरला भाऊ. शेवटी शेवटी तो स्वतःच्या घरातून स्वतःचं घर शोधायला निघायचा. एव्हर्टच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत भीती पाहिली नव्हती, तेव्हा पाहिली. मी वेळ मारून नेण्यासाठी थट्टा केली, आणि तीच चूक झाली.

"तुला काही होत नाही रे. पण जावई ट्रकच्या कारखान्यात इंजिनिअर आहे म्हणतोस. तो आधी पातंच बघणार आणि सगळ्यांना बोलावून दाखवणार."

एवढं पुरलं. पातं सरस लावून बसवलेलं होतं आणि ओंडक्याचं नाकच मुळी डावीकडे तिरकं कापलेलं होतं, त्यामुळे नुसतं पातं काढून भागणार नव्हतं. त्याने यंत्र शिकंज्यात धरलं आणि करवत घेतली. मी म्हणाले, आधी कॉफी घे. घेतली नाही. नाक पात्यासकट खाली पडलं तेव्हा तो एकदा थांबला, मग नव्या तुकड्याचं माप घ्यायला लागला.

वर्कशॉपमध्ये गारठा होता. मी पडलेला तुकडा उचलून शेगडीत टाकला. टाकताना त्यावर पेन्सिलची एक जुनी रेघ दिसली होती. दिसली होती, एवढंच.

संध्याकाळपर्यंत नवं नाक बसलं, नवं पातं उजवीकडे वळलं. मोजून, गुण्याने काटकोन तपासून, अगदी बरोबर.

दुसऱ्या दिवशी गोटेनबर्गपर्यंत मीच गाडी चालवली, कारण त्याचे डोळे आता लांबचं धरत नाहीत. मारिताच्या फ्लॅटमध्ये वीसेक माणसं होती. गाणं झालं, चार वेळा हुर्रे झालं, केक कापला गेला. एव्हर्ट कोपऱ्यात कोट न काढता बसला होता, मांडीवर ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं ते धूड घेऊन.

"भेट नको म्हटलं होतं ना मी?" मारिता त्याच्यासमोर येऊन म्हणाली. उंच बाई, बापाचंच नाक.

"भेट नाही ही. द्यायची राहिली होती," तो म्हणाला.

तिने ब्लँकेट सोडलं.  यंत्र जमिनीवर ठेवलं, आणि पन्नास वर्षांची ती बाई, चांगल्या कपड्यात, सगळ्यांच्या देखत गुडघ्यांवर बसली. केबिनचं दार उघडलं, मिटलं. मग डाव्या बाजूला गाल टेकवून पुढे बघत राहिली.

"पण बर्फ इकडून जायचा, बाबा."

"कुठून?"

"इकडून. डावीकडून. मी इथे बसायचे, तुझ्या हत्यारांच्या पेटीवर, खाली तुझे लोकरी मोजे अंथरून. आणि माझ्या खिडकीला लागून बर्फ उडायचा. मला त्या घराचं दुसरं काही आठवत नाही. स्वयंपाकघर नाही, माझा पलंग नाही. फक्त तो बर्फ आठवतो."

जावई वाकून बघत होता. "अगं, उजवीकडेच जातो बर्फ. सासरेबुवांनी बरोबर बनवलंय. तू लहान होतीस, उलटं आठवत असेल."

"तिला बरोबर आठवतंय," एव्हर्ट म्हणाला. "तेव्हा आपण गाड्या डावीकडून हाकायचो."

खरंच की. सदुसष्टच्या सप्टेंबरात एका पहाटे, सरकारी हुकमाने, सगळ्या देशाची वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूवरून उजव्या बाजूला आली. आम्ही दोघं त्या पहाटे पुलावर उभे राहून बघत होतो, आणि आदल्या दिवशी त्या वर्कशॉपमध्ये दोघांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं. मारिता तेव्हा गोटेनबर्गला जाऊन दोन महिने झाले होते. ती केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसायची तोवरचा बर्फ डावीकडे, नंतरचा सगळा उजवीकडे. त्याचं डोकं बिघडलं नव्हतं. उलट त्रेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या तिरक्या कापावर त्याने डोळे झाकून पातं बसवलं होतं, आणि ते बरोबर बसलं होतं.

मी हातातला केक खाली ठेवला. 

"दुसरं पातं करतो मी," एव्हर्ट तिला म्हणाला. "डावीकडचं. खुंट्यांवर बसेल असं, म्हणजे तुला बदलता येईल."

"कर. आणि पाठव टपालाने."

"टपालाने नाही." त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, नाहीतर एरवी टपालावर एक टोमणा ठरलेला. "तू ये घ्यायला. मला तुला घरी आलेलं बघायचंय."

ती उठली, गुडघे झटकले.  "येते," म्हणाली. "बर्फ गेला की येते."

परतीच्या वाटेवर बोरोस शहर येईपर्यंत तो काचेवरची वाफ पुसत रस्ता बघत होता. मग म्हणाला, "तो कापलेला तुकडा?"

"शेगडीत टाकला मी," मी म्हणाले. "मला माफ कर, एव्हर्ट. मला कळायला हवं होतं."

त्याने बाहेर बघत मान हलवली. "छान पेटला असेल," म्हणाला. "त्रेचाळीस वर्षं सुकलेला होता."

याला आता तीन महिने झाले. बर्फ एप्रिलमध्येच गेला. तिचे दोन फोन आले. एकदा तिचं काम निघालं, एकदा नवऱ्याची पाठ धरली. खोटं बोलत असेल असं मला वाटत नाही, लोकांची कामं असतातच. एव्हर्टने फाटकापासून दारापर्यंत नवी खडी टाकली आणि ती हाताने, दाताळ्याने सपाट केली.

डावीकडचं पातं तयार होऊन दाराजवळच्या खिळ्यावर टांगलेलं आहे. दर रविवारी तो ते खाली उतरवतो आणि जुन्या फडक्याने त्याला जवसाचं तेल लावतो. मी कॉफी ओतते आणि बघत बसते. लाकडाला इतकं तेल लागत नाही, हे त्यालाही माहीत आहे.